उसना हात

टिटवीचं डावं चाक दुसऱ्यांदा गवतात गेलं, तेव्हा केतकी जगदाळेला आधी लाज वाटली, मग राग आला आणि सगळ्यात शेवटी भीती वाटली. खरं तर क्रम उलटा हवा होता. पण छत्तीस वर्षांच्या बाईला, त्यातही साताऱ्यात स्वतःचा दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरला, चारचौघांत नापास व्हायची सवय राहिलेली नसते.

विमान गवत तुडवत, खडखडत थोडं पुढे गेलं आणि थांबलं. टिटवी म्हणजे माणदेश उड्डाण शाळेचं दोन माणसांचं, बॅटरीवर चालणारं चिमुकलं विमान. शेजारची खुर्ची रिकामी होती. परीक्षा एकटीनंच द्यायची असते.

"टिटवी, सगळं ठीक?" रेडिओवर परीक्षक कॅप्टन रेग्यांचा आवाज आला. ते धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत बसले होते.

"ठीक आहे सर."

"मग या. चहा घेऊ."

केतकीनं डोळे मिटून घेतले. धामणीच्या पठारावरची ही रीत सगळ्यांना पाठ होती. जो पास होतो त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात आणि जो नापास होतो त्याला चहा पाजतात. तिचा हा दुसरा चहा होता. परीक्षेला तीनच संधी मिळतात, म्हणजे आता एकच उरली होती.

ही परीक्षा मोकळ्या हाताची होती. मोकळा हात म्हणजे काय, ते समजण्यासाठी आधी अनुहस्ताची ओळख करून घ्यायला हवी.

अनुहस्त दिसायला अगदी साधा, कोपरापर्यंत येणारा करडा हातमोजा. सायकल शिकताना आपण नियम पाठ करत नाही. कुठला स्नायू कधी किती ओढायचा, हे मेंदू पडत-झडत शिकतो आणि शिकला की विसरत नाही. आपण म्हणतो, हात बसला. शास्त्रज्ञांनी एवढंच केलं, की मेंदूकडून हाताकडे जाणारे हे निरोप कातडीवरूनच टिपायची युक्ती शोधली. मग ते साठवले. मग तेच निरोप अगदी सौम्य विजेच्या रूपानं दुसऱ्याच्या हाताला दिले. झालं! एखाद्या उस्तादाचा बसलेला हात नवख्याच्या हातात उतरू लागला. मोज्यात बोटाच्या पेराएवढा एक संगणकही असे. तो विमानाचा कल आणि वाऱ्याचा जोर क्षणाक्षणाला मोजून त्या साठवलेल्या हाताला बारीकसारीक दुरुस्त्या पुरवी. पहिल्या दिवसापासून शिकाऊ माणूस उस्तादासारखं विमान उतरवू लागला. चाळीसएक तास मोजा घालून उडालं, की आपला मेंदूही ती चाल उचलतो आणि मोजा काढला तरी हात तसाच चालतो, असा मोजा बनवणाऱ्या कंपनीचा दावा होता. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी सरकारनं परवान्याआधी मोकळ्या हाताची एक फेरी सक्तीची केली. उडायचं, पठाराला एक वळसा घालायचा, उतरायचं आणि चाकं मधल्या पांढऱ्या रेघेजवळ टेकवायची.

आता प्रश्न असा, की त्या मोज्यात साठवलेला हात कोणाचा? तर देशभरातल्या उड्डाणशिक्षकांतून कंपनीनं निवड केली ती कॅप्टन शालन जगदाळे यांची. माणदेशातल्या एका शिक्षकाची मुलगी, उंची बेताची, आवाज मात्र पठाराच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. नऊ वर्षांपूर्वी कंपनीची माणसं वायरींची वेटोळी घेऊन धामणीला आली आणि अख्खा मोसम तिची उतरणी टिपून गेली. तेव्हापासून गुवाहाटीचं पोर असो की कोइमतूरचं, विमान शिकताना त्याच्या मनगटात शालन जगदाळे असे.

आणि कॅप्टन शालन ही केतकीची आई.

* * *

केतकी लहान असताना आई पठारावर आणि मुलगी साताऱ्याला मावशीकडे, अशी वाटणी होती. वडील लवकर गेले. आई रविवारी यायची, तीही अर्धा वेळ पोरांविषयी बोलायची. ही 'पोरं' म्हणजे तिचे विद्यार्थी. कोण घाबरतो, कोण घाई करतो, कोणाच्या हातावर हात ठेवून तिनं विमान कसं उतरवलं. केतकी ते ऐकत भाताची शितं ताटभर फिरवत राहायची. शाळेच्या रस्त्यावर ती मावशीचा हात धरायची. आईचा हात कसा लागतो, हे तिला नीटसं आठवतच नव्हतं. शेकडो परक्या पोरांना तो आठवत होता.

तीन वर्षांपूर्वी आईच्या कानातल्या तोलाचा आजार निघाला. उभ्या-उभ्या चक्कर यायची. डॉक्टरांनी उड्डाण बंद केलं. शालनबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि आकाशाकडे बघेनाशा झाल्या. ते केतकीला बघवेना. तिनं दीड वर्षापूर्वी शाळेत नाव घातलं. आईला सांगितलं, हौस म्हणून. मनात मात्र वेगळंच होतं. परवाना मिळवायचा, पुढे शिक्षकाचा दाखला काढायचा आणि आईची खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही.

पहिल्यांदा तिनं अनुहस्त चढवला तो दिवस ती कधीच विसरली नाही. विमान उतरताना मनगटाला एक हलका, कोमट दाब जाणवला. कुणीतरी आपल्या हातावर हात ठेवला आहे आणि घाबरू नको म्हणतं आहे. बाहेरची आई बोलायला फटकळ. मोज्यातली आई फारच हळुवार. केतकी चष्म्याआड रडली आणि विमान मात्र फुलासारखं उतरलं.

असं वर्षभर चाललं. मोजा असला की केतकी पठारावरची सगळ्यात सफाईदार वैमानिक. मोजा काढला की विमान डावीकडे सरकायचं, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं.

* * *

चहा गोड होता. कॅप्टन रेगे माणूस भला होता, नापास करतानाही समोरच्याला बिस्किटं पुढे करणारा.

"हे बघा डॉक्टर, दुसरा मार्ग आहे," ते म्हणाले. "आधाराचा परवाना घ्या. मोजा घालून हवं तेवढं उडा. मात्र आयुष्यभर मोजा घालूनच, आणि शिकवता येणार नाही. तिसऱ्यांदा नापास झालात तर तोही मिळणार नाही. तेव्हा विचार करा."

"विचार कसला?" दारातून आवाज आला. शालनबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. "सही कर आणि मोकळी हो. माझाच हात आहे ना त्यात? मग तुला कमीपणा कसला वाटतो?"

"कमीपणा नाही, आई. मला शिकवायचंय."

"कुणाला शिकवणार? तो मोजा शिकवतो आता सगळ्यांना."

"मोजा शिकवत असता तर मी गवतात गेले असते का?"

शालनबाईंचा चेहरा उतरला. त्यांना राग आला असं केतकीला वाटलं. खरं तर त्यांनी विमान रेघ सोडून कलंडताना पाहिलं होतं आणि त्या घाबरल्या होत्या. शेकडो पोरांना त्यांनी बेधडक वर सोडलं होतं. पोटच्या पोरीला सोडणं मात्र त्यांना जमत नव्हतं. पण तसं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. त्या म्हणाल्या, "तुझा हात जड आहे. दात उपटून-उपटून जड झालाय." आणि निघून गेल्या.

रेग्यांनी बिस्किटं पुढे केली. केतकीनं तिसरी तारीख मागितली.

* * *

पुढच्या रविवारी केतकी डबा घेऊन पठारावर आली. आईशी अबोला होता, पण अबोल्यातही जेवावं लागतंच. हँगरच्या सावलीत, टिटवीच्या पंखाखाली सतरंजी टाकून तिघं बसली. तिसरे म्हणजे शाळेचे मेकॅनिक यासीनभाई मुजावर. टिटवीच्या नट-बोल्टांवर त्यांचं पोटच्या लेकरासारखं लक्ष असे. बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा, दही. बोलत होते ते एकटे यासीनभाई. वारा कसा चांगला आहे आणि बॅटऱ्या कशा लौकर गरम होतात, असं काहीबाही.

केतकी आईकडे बघत होती. दातांचे डॉक्टर जेवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. त्यांना ती खोडच असते.

"आई, तू अजून डाव्याच बाजूनं चावतेस."

"हं?"

"उजवी दाढ बसवून देऊन वर्ष झालं. पक्की आहे. मी स्वतः बसवलीय. तरी तू सगळं डावीकडेच ढकलतेस."

शालनबाई जरा ओशाळल्या. "अगं, दाढ नव्हती तेव्हा लागलेली सवय. ध्यानातच येत नाही."

"सगळ्या पेशंटांचं असंच असतं. दुखणं जातं, पण..."

केतकीचा घास हातातच राहिला. तिनं समोर पाहिलं. धावपट्टीच्या पश्चिमेला डोंगराची सोंड होती आणि सोंडेवर ओळीनं सिमेंटचे चौथरे. त्यावर शेळ्या निवांत बसल्या होत्या. तिथे पूर्वी पवनचक्क्या होत्या. कोकणच्या समुद्रात आभाळाएवढ्या नव्या चक्क्या उभ्या राहिल्या, तशा डोंगरावरच्या या म्हाताऱ्या चक्क्या भंगारात गेल्या.

"यासीनभाई, चक्क्या कधी काढल्या?"

"झाली की दोन वर्सं. कॅप्टनबाईंचं उडणं बंद झालं, त्याच्या फुडच्या उन्हाळ्यात."

"आणि हात टिपला तेव्हा त्या फिरत होत्या."

"ह्या काय फिरत होत्या! निस्ता घुं-घुं आवाज, दिवसभर."

केतकी उठून उभी राहिली. खर्ड्याचा हात तसाच. "आई, चक्कीच्या मागे वाऱ्याची सावली पडते ना? पाती वारा खाऊन टाकतात, मागे वारा मंद होतो?"

"पडते. मग?"

"पश्चिमेचा वारा विमानाला डावीकडून लागतो. तू उतरायला यायचीस ती चक्क्यांच्या सावलीतून. आणि जिथे चाकं टेकायची, बरोबर तिथे चक्क्यांची ओळ संपायची. म्हणजे सावलीतून एकदम उघड्या वाऱ्यात. विमानाला उजवीकडे दणका बसायचा. तो बसायच्या आधीच तुझा हात दांडी डावीकडे झुकवून ठेवायचा. आता चक्क्या नाहीत, सावली नाही, दणका नाही. पण हात अजून झुकतोय. तुझा हात, माझ्यात."

"मोज्यानं तर कधी चूक दाखवली नाही."

"मोज्यातला संगणक ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. म्हणून तर कळत नाही! मोजा काढला की दुरुस्ती जाते आणि सवय उरते. या चक्क्या फिरत असताना मी इथे कधी उडालेसुद्धा नाही, आणि त्यांच्या वाऱ्याला घाबरून डावीकडे जातेय!"

यासीनभाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे खोट माझ्या हातात," शालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे तो जास्तच भीतीदायक वाटला. "देशभर पोरं या हातानं शिकली. आणि तू, दोनदा गवतात जाऊन, मला सांगतेस खोट माझ्या हातात?"

"आई, मी..."

"यासीनभाई, तो मोजा आणा."

* * *

शालनबाईंनी अनुहस्त कधीच घातला नव्हता. गरज काय होती? त्या टिटवीच्या डाव्या खुर्चीत चढल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. विमान हँगरमध्येच उभं होतं. यासीनभाईंनी मोज्यातला संगणक बंद करून फक्त साठवलेला हात चालू ठेवला. केतकी पंखाशेजारी उभी राहिली.

"दाखवते तुम्हाला," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मोजा जागा झाला. तरुण शालननं म्हाताऱ्या शालनचा हात हातात घेतला. सुरकुतलेली बोटं दांडीभोवती अलगद वळली. शालनबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कपाळावरची आठी विरली. ओठ पुटपुटू लागले.

"हे शेवटचं वळण... बरं... पट्टी समोर आली... जोर कमी... येऊ दे, येऊ दे, घाई नको..." त्या खोल श्वास घेत होत्या. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात त्या खरोखर उतरत होत्या. "आता नाक थोडं वर... धर... धर... हं, आता बसेल धक्का..."

आणि दांडी डावीकडे झुकली. थोडीशीच, वाटीतलं ताक हिंदकळावं एवढी. पण झुकली.

शालनबाईंनी डोळे उघडले. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग केतकीकडे. धक्का बसणार हे त्या स्वतःच्या तोंडानं बोलून गेल्या होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आणि मला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. एकाही पोराला मी हे शब्दांत सांगितलं नाही गं. सांगितलं असतं तर चक्क्या काढल्या त्या दिवशीच मी म्हणाले असते, आता हे सोडा. हातावर हात ठेवून शिकवत गेले. हातानं सगळं दिलं, हेही दिलं."

मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली आणि त्या आधी कळवळल्या, मग चक्क हसल्या. इतर गावच्या शाळांतली पोरं मोकळ्या हाताला नापास होतात आणि धामणीचीच पास होतात, म्हणून शाळेचा केवढा बोलबाला होता! ती हुशारी निम्मी पवनचक्क्यांची निघाली. आणि चक्क्या गेल्यावर धामणीचीही पोरं आपटू लागली, तेव्हा सगळे म्हणाले, आजकालच्या मुलांत दम नाही. त्या स्वतःही म्हणाल्या होत्या.

त्यांनी मोजा उतरवला आणि मुलीच्या हातात दिला नाही. यासीनभाईंकडे दिला.

"डॉक्टर जगदाळे," त्या म्हणाल्या, "उद्या दवाखाना बंद ठेवता येईल?"

* * *

मग सुरू झालं खरं शिक्षण, आणि ते दोघींनाही अवघड गेलं. मोज्यातला हात बंद केला. संगणक फक्त राखणीला ठेवला, जिवावर बेतलं तरच मध्ये पडायचं या अटीवर. शालनबाईंना विमानात बसवायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी खुर्ची हँगरच्या दारातून उचलली आणि धावपट्टीच्या कडेला, जिथे चाकं टेकतात तिथे नेऊन मांडली. हातात रेडिओ आणि डोक्याला उन्हाचा पंचा.

आयुष्यभर हातानं शिकवलेल्या बाईला आता तोंडानं शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांना शब्दच सापडेनात.

"आता तसं कर," त्या रेडिओवर म्हणाल्या.

"कसं?"

"अगं, तसं! कळत कसं नाही?"

"आई, मला तुझा हात दिसत नाही. बोल!"

शालनबाईंनी रेडिओ आपटला, परत उचलला, वाळू झटकली. दुसऱ्या दिवशी त्या जरा बऱ्या बोलल्या. आठवड्याभरात त्यांना सूर सापडला. "पट्टीच्या टोकाकडे बघ, पायाखाली बघू नको... विमान खाली बसायला बघतंय, त्याला बसू देऊ नकोस, पण हाकलूही नकोस... वारा डावीकडून आहे, तेवढ्यापुरता डावा पंख झुकव. आहे तेवढ्याच वाऱ्यासाठी. येणाऱ्या वाऱ्यासाठी नाही." केतकी चुकत होती, एकदा टणकन उडाली, एकदा इतकी उजवीकडे गेली की शेळ्या पळाल्या. मोज्यातल्या आईची तिला फार आठवण यायची. तो हळुवार हात गेला होता आणि त्याच्या जागी एक घसा बसलेली, चिडणारी, उन्हात तळणारी बाई आली होती. ती बाई दिवसभर केतकीखेरीज कुणाकडेही बघत नव्हती. हे केतकीच्या लक्षात आलं तेव्हा ती पठारापासून उंचावर होती, आणि तिला गाणं म्हणावंसं वाटलं.

* * *

परीक्षेच्या दिवशी दुपारी वारा उठला. धावपट्टीकडेची वाऱ्याची पिशवी आडवी ताठ झाली. रेग्यांनी आकाशाकडे पाहून मान हलवली.

"पुढची तारीख देतो. हा वारा नवख्यांचा नाही."

केतकीनं आईकडे पाहिलं. शालनबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आज रेडिओ त्यांच्याकडे नव्हता, परीक्षेत बोलायचं नसतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि मान वळवली. ठरव तुझं तू, असा त्याचा अर्थ.

"जाते सर," केतकी म्हणाली.

टिटवी उडाली. आधी पठार खाली गेलं, मग माणदेशाची करडी जमीन, चौथऱ्यांची ओळ, शेळ्यांचे ठिपके. केतकीचा उजवा हात दांडीवर होता, उघडा, घामेजलेला, तिचा स्वतःचा. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळसा घालून ती परत पट्टीच्या रेषेत आली. वारा डावीकडून ढकलत होता. तिनं डावा पंख झुकवला, आहे तेवढ्यापुरता.

पट्टी जवळ आली. खुर्चीतला पांढरा पंचा मोठा होत गेला. आणि चाकं टेकायच्या क्षणी हात आपसूक डावीकडे सरकायला लागला. जुन्या चक्क्या अजून तिच्या मनगटात फिरत होत्या. विमान रेघ सोडू लागलं.

केतकीला भीती वाटली, आणि या खेपेला ती सगळ्यात आधी वाटली. तिनं हट्ट केला नाही. जोर वाढवला, नाक उचललं आणि टिटवी गरजत खुर्चीवरून वर निघून गेली.

"गेली," यासीनभाई कपाळावर हात मारून म्हणाले. "गेली वो परीक्षा!"

"गप्प बसा," रेगे म्हणाले. "बिघडलेलं उतरणं सोडून वर जाणं हे शहाणपण. त्याचे गुण कापत नाहीत, देतात."

शालनबाईंनी पंचा डोक्यावरून काढून मुठीत आवळला होता.

दुसरा वळसा. आता केतकीला काय करायचं ते ठाऊक होतं. हाताला दाबून धरायचं नाही, ओरडायचं नाही. पेशंटला सांगतो तसं सांगायचं. दाढ बसली आहे, आता या बाजूनंही चावून बघा. ती मोठ्यानं बोलू लागली. रेडिओचं बटण तिनं दाबलं नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं. "चक्क्या नाहीत. सावली नाही. धक्का येणार नाही. आहे तो वारा एवढाच. एवढ्यालाच पुरे." पट्टी आली. पंचा आला. मनगटात ती जुनी ओढ उठली, अगदी आईच्या हातासारखी, कोमट आणि काळजीवाहू. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कळलं गं," ती म्हणाली, "आता सोड." आणि हात जागचा हलला नाही.

आधी डावं चाक टेकलं, मग उजवं, मग पुढचं. पांढरी रेघ नाकाखालून सरळ धावत होती.

रेडिओवर रेग्यांचा आवाज आला. "टिटवी, सगळं ठीक?"

"ठीक आहे सर."

"या मग. चहा मिळणार नाही."

* * *

बादली शालनबाईंनी स्वतः उचलली. चक्कर येईल म्हणून यासीनभाई धावले, तर त्यांना डोळ्यांनीच बाजूला केलं. पाणी बोअरचं, गार. केतकी किंचाळली, हसली, आणि ओल्याचिंब आईला तिनं मिठीत घेतलं. निम्मं पाणी आईच्याच अंगावर सांडलं होतं.

पुढे या गोष्टीचा बराच गाजावाजा झाला. कंपनीची माणसं पुन्हा वायरी घेऊन आली, देशभरच्या मोज्यांमधून धामणीच्या जुन्या चक्क्या उपटून काढल्या गेल्या. मोज्याच्या जोडीला तोंडानं सांगणारा माणूस शिक्षक हवाच, असा नियम झाला. त्या बैठकांना शालनबाई गेल्या आणि हात हलवून-हलवून बोलल्या. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी, कपडे वाळायच्या आतच, शालनबाईंनी हाक मारली. "यासीनभाई, गेरू आहे का कुठे?"

यासीनभाई आधी बघतच राहिले. मग लगबगीनं आत गेले आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात गेरू कालवून घेऊन आले. हँगरच्या आतल्या भिंतीवर तांबड्या पंज्यांच्या ओळी होत्या. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्या प्रत्येकानं आपला पंजा तिथे उमटवायचा, ही शाळेची जुनी रीत. अनुहस्त आला त्या वर्षी शालनबाईंनीच ती बंद केली होती. हात माझा, मग पंजा कोणाचा उमटवायचा, असं त्या चेष्टेनं म्हणाल्या होत्या. नऊ वर्षं भिंत तशीच राहिली.

ओळीच्या अगदी सुरुवातीला, खालच्या बाजूला, एक लहानसा फिकट पंजा होता. शालनचा, विशीतला. केतकीनं गेरूत हात बुडवला आणि त्याच्या शेजारी भिंतीवर दाबला. जोरात, कोपरापासून.

ती बाजूला झाली तेव्हा शालनबाई पुढे आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी तो पंजा निरखला. मग आपला हात त्या ओल्या पंज्यावर ठेवला, बोटावर बोट. केतकीची बोटं चारी बाजूंनी बाहेर उरली.

"मोठा आहे की गं तुझा हात," शालनबाई म्हणाल्या. "माझ्याहून मोठा. कधी झाला एवढा?"

"तू वर असायचीस ना, तेव्हा."

ती हे तक्रारीनं म्हणाली नाही, आणि शालनबाईंनीही तसं घेतलं नाही. त्यांनी भिंतीवरचा हात काढला, तसाच गेरूनं माखलेला, आणि मुलीचा तांबडा हात धरला. घट्ट. गेरू सुकून कडक होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.